चर, पाइप आणि खालचा शेजारी

स्मरणिका म्हटली की पहिल्या पानावर संस्थेच्या इमारतीचा फोटो, दुसऱ्यावर संस्थापकांचा, आणि पुढे कोणत्या मंत्र्याने कधी फीत कापली त्याचे. आमच्या घरच्या धंद्याने पन्नाशी गाठली म्हणून हा अंक काढायचा ठरला. पुतण्याने हौसेने फोटोग्राफर बोलावला आणि पहिल्याच दुपारी तो वैतागला. जिथे नेलं तिथे ऊस. "काकू, यात तुमचं काम कुठाय?" आमचं काम त्या उसाच्या मुळांखाली, सव्वा मीटरवर. चेंबरची झाकणं आणि ओढ्याच्या काठावर बाहेर आलेलं पाइपाचं तोंड, एवढंच काय ते उजेडात. म्हणून या लेखात फोटो कमी आणि मजकूर जास्त. धंद्याचा हिशेब मी ठेवत आले, तेव्हा इतिहासही मीच लिहावा असं घरात ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

धंदा म्हणजे क्षारपड आणि पाणथळ रानातलं जादा पाणी चर खणून, पाइप घालून बाहेर काढायचं. मुलूख मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांचा नदीकाठ आणि वारणा-कृष्णेपलीकडचे हातकणंगले-शिरोळ. तिथल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही, पण अंक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडेही जाणार आहे. आमची काळी माती पाणी धरते आणि सोडत नाही. साठच्या दशकात कोयनेचं धरण झालं, कृष्णा उन्हाळ्यातही वाहू लागली, काठावर मोटरी बसल्या, सहकारी उपसा योजना आल्या आणि साखर कारखाने आले. पाणीपट्टी एकरावर, पाण्याच्या मापावर नाही. वीज रात्रीची. बटण दाबून माणूस घरी जाऊन झोपायचा आणि रान रात्रभर पीत राहायचं. काही वर्षांत खालचं पाणी वर येत येत हातभर अंतरावर आलं. तिथून ते मातीतून आपोआप चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. आधी सरीच्या माथ्यावर पांढरी किनार दिसते, मग रानात डाग पडतात, डागात ऊस उगवत नाही. एकरी साठ टन देणारं रान वीस टनांवर येतं, आणि शेवटी त्यात वेडी बाभूळ तेवढी माजते. त्यात सोडियम वाढलं की जमीन चोपण होते. ओली असताना पाय सोडत नाही, वाळली की कुदळ उडवून लावते.

हे कुणाला माहीत नव्हतं असं मात्र नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामतीकडच्या जमिनींवर पुढच्या पंचवीस वर्षांतच मीठ फुटलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर १९१० साली पुस्तिकाच काढली. पुढे इंग्लिस साहेबाने दख्खनच्या कालव्यांवर चर काढून निचऱ्याचे प्रयोग केले. रोग कागदावर होता, औषधही होतं. पण आमच्याकडे पाणी आलं तेव्हा ते आणणाऱ्यांच्या मिरवणुका निघाल्या, आणि ते बाहेर कसं काढायचं हे विचारणाऱ्याला अशुभ बोलतो म्हणून गप्प बसवलं गेलं. माझ्या मते आमच्या धंद्याचा जन्म या गप्प बसवण्यातच झाला.

माझे सासरे, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या मूळचे जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आण्णा दुष्काळी कामावर मुकादम होते. नालाबांध, पाझर तलाव, खडी फोडणं. माती मोजणं, हजेरी भरणं आणि माणसं सांभाळणं या तीन गोष्टी ते तिथे शिकले. दुष्काळ सरला तसे दोघे भाऊ एक वडार टोळी घेऊन नदीकाठाला विहिरी खोदायला आले. विहिरी खोदता खोदता पाणी दर वर्षी वर येतंय हे त्यांच्या लक्षात आलं. मग एका बागायतदाराने विहिरीऐवजी रानाच्या कडेने चर मारून मागितला आणि तेच काम पुढे लागलं. जतचे पाहुणे आण्णांची थट्टा करत, "आमी थेंबाला मोताद आन तुमी पाणी फेकायचं पैसं घेताय व्हय!" आण्णा म्हणायचे, "फेकत न्हाई रे, वाटंला लावतोय."

सुरुवातीची कामं उघड्या चराची. मजुरी ब्रासवर. चार-पाच फूट खोल, कडा ढासळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा, म्हणजे वर तोंड दहा फुटांचं होतं. शंभर मीटर लांबीचा असा चर तीन गुंठे रान खातो. ज्याच्याकडे सगळं मिळून दीड एकर, त्याला तीन गुंठे जिवावर येतात. शिवाय चरात गवत माजतं, बैल पडतो, ट्रॅक्टर वळत नाही. त्यामुळे चर काढलेला शेतकरी दोन वर्षं खूश असायचा, तिसऱ्या वर्षी कडेची माती आत लोटायचा आणि पाचव्या वर्षी त्यावर ऊस लावायचा. मग मीठ परत. तात्यांची जुनी वही माझ्याकडे आहे. तिच्यात एकाच गटाचा चर पुन्हा पुन्हा लिहिलेला सापडतो, मालक तोच, फक्त दर वाढत गेलेला.

बुजवता न येणारा चर हवा म्हणून मग चरात दगड आणि मुरूम भरून वर माती ओढायला सुरुवात झाली. त्यानंतर सिमेंटचे आखूड पाइप, जोडाला फट ठेवून भोवती काथ्या आणि बारीक खडी. हे पाइप बैलगाडीतून रानापर्यंत नेताना निम्मे फुटत. प्लॅस्टिकचा कंगोरेदार, छिद्रांचा पाइप बाजारात आला तेव्हा आण्णांनी तो हातात घेऊन, दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला. वजनाला इतकी हलकी वस्तू जमिनीखाली टिकेल यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी तात्यांनी स्वतःच्या रानात घालून दाखवला.

पाइप घालणं हे काम लांबून पाहणाऱ्याला सोपं वाटतं, जेसीबी उकरतो, माणसं पाइप टाकतात, जेसीबी बुजवतो. खरं काम त्याआधीचं. पहिल्या दिवशी मशीन नसतंच. डंपी लेव्हल आणि स्टाफ घेऊन आधी ओढ्यावर जायचं, ओढ्याचा तळ मोजायचा आणि तिथून उलटं रानाकडे वर यायचं. निचऱ्याचं सगळं गणित शेवटच्या तोंडापासून सुरू होतं. ओढ्याचा तळ उंच निघाला तर शेतकऱ्याचा चहा पिऊन परत यायचं. तळ मिळाला तर दर दहा मीटरवर खुंटी. उतार हजाराला एक ते दोन, म्हणजे दहा मीटरला एक-दोन सेंटीमीटर. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही, दोरीलाही फसवतो. खणायला सुरुवात खालून. वरून सुरू केलं तर साचलेलं पाणी चरातच अडकतं आणि गडी गुडघाभर चिखलात. तळ खरवडून सारखा करायचा, पाइप अंथरायचा, त्यावर फिल्टरचं कापड आधीच चढवलेलं असतं. मग एक माणूस पाइपावर हलकी माती हाताने सारतो, म्हणजे ढेकळं पडून पाइप सरकणार नाही. या जागेवर तात्या स्वतः उभे राहत. "पाइपाला पोट पडू द्यायचं न्हाई," एवढंच ते दिवसभर बोलत. पाइप मध्येच खाली वाकला की त्या पोटात गाळ बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात वरचं सगळं रान तुंबतं. सगळं नीट जमलं तर खालच्या तोंडातून त्याच संध्याकाळी करंगळीएवढी धार लागते. तिचं पाणी खारट लागतं. मालकाने ते चाखून थुंकायचं, हा आमच्याकडचा उद्घाटन समारंभ.

एका एकराला किती पाइप लागतो? दोन ओळींत तीस मीटर अंतर धरलं तर साधारण १३५ मीटर, भारी काळ्या जमिनीत वीस मीटर धरलं तर २०० मीटर. आडव्या ओळी ८० मिलिमीटरच्या, त्या जिथे मिळतात तो मुख्य पाइप त्याहून मोठा. माती हलवायची ती वेगळी. टोळीच्या दिवसांत एका एकराला तीसएक ब्रास खोदाई आणि तितकंच बुजवणं व्हायचं. आज जेसीबी ते दिवसा-दोन दिवसांत करतो. पण ऊस उभा असताना रानात शिरता येत नाही. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, खोडवा धरला तर त्याहून जास्त. त्यामुळे तोड झाल्यापासून पहिल्या वळवापर्यंत जे रान रिकामं सापडेल तेवढंच आमचं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत आमच्या घरात लग्न काढायला बंदी आहे. माझं लग्नही त्यामुळे दिवाळीनंतर झालं.

मुख्य पाइपाचा चर कधी कधी दोन मीटरच्या खाली जातो आणि काळी माती ओली असेल तर कडा न सांगता ढासळतात. एकदा एक गडी छातीपर्यंत गाडला गेला. वेळेत निघाला, पण दोन बरगड्या मोडल्या. तेव्हापासून कडा झुकती कापल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही हा नियम आहे. मालक उशीर होतोय म्हणून कितीही ओरडला तरी तो मोडत नाही.

एवढं झालं तरी निम्मंच काम झालं. तुमच्या रानातलं पाणी बाहेर पडलं, पुढे कुठे जाणार? ओढा दोन-तीन बांधांपलीकडे असतो आणि मध्ये दुसऱ्याची रानं. आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड वस्तू पाइप नाही, खालचा शेजारी आहे. वरच्याच्या रानात मीठ फुटलंय, खालच्याचं रान अजून बरं आहे. त्याने आपल्या रानातून कुणाचं तरी खारं पाणी का जाऊ द्यावं? त्यातून दोघे सख्खे चुलत भाऊ असले तर बघायलाच नको. कुणाच्या तरी आजोबाने बांध कोरलेला असतो, त्याचा हिशेब या पाइपावर निघतो. "जाऊ दे की, जमिनीखालनं तर जातंय," असं आण्णा म्हणाले की समोरून उत्तर तयार, "खालनं म्हंजे काय, जमीन खालीबी माझीच हाय."

कायद्याचा रस्ता काही लोक धरतात. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा नैसर्गिक प्रवाह अडवला तर अडथळा काढायला लावतो. पण आपण पाइप घालून न्यायचं पाणी नैसर्गिक प्रवाह कसं, हा वाद उभा राहिला की दोन हंगाम जातात. आमच्या घराने कोर्टाच्या पायरीवर एकही काम मिळवलेलं नाही. ते मिळवलं ओसरीवर. आण्णा आणि तात्या रात्री जेवणं आटोपल्यावर दोघांच्याही घरी जाऊन बसायचे. एक युक्ती तात्यांची होती, खालच्या शेजाऱ्याच्या रानातून मुख्य पाइप जातोच आहे तर त्याच्या दोन ओळी त्याच दरात, पैसे वर्षाने, त्यालाही जोडून द्यायच्या. बहुतेक वेळा गाडी तिथे रुळावर यायची. कारण आज नाही तरी चार वर्षांनी त्याच्या रानातही डाग पडणार हे त्यालाही आतून ठाऊक असायचं.

आणि जिथे पुरुषांचं बोलणं बंद पडलेलं असायचं तिथे आमच्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, कामाला यायच्या. त्यांचं कोणत्याही कागदावर नाव नाही, म्हणून इथे लिहिते. गावातल्या कोणत्या घरची लेक कुठे दिलीय, कुणाची जाऊ कुणाची मावसबहीण, हे त्यांना तोंडपाठ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मुद्दाम दोन्ही घरच्या बायका बोलवत, पाइपाचं नावही काढत नसत. आठवडाभराने एका घरातून निरोप यायचा, "या, लेव्हल घ्या." संमतीपत्रावर सह्या पुरुषांच्या आहेत. त्या कुणी मिळवल्या ते मला माहीत आहे.

माझ्याकडे वह्या आल्या तेव्हा धंद्यातलं निम्मं भांडवल उधारीत होतं. ते आजही तसंच आहे, फक्त आकडे मोठे झाले. शेतकरी काम उन्हाळ्यात करून घेतो आणि पैसे उसबिलावर देतो. उसबिल म्हणजे पुढच्या गळीत हंगामानंतर, तेही सोसायटीची कपात जाऊन जे हातात पडेल ते. म्हणजे पाइपवाल्याचं बिल आम्ही तीस दिवसांत भरायचं आणि आमचं बिल वर्ष-दीड वर्षाने यायचं. सुरुवातीला मला वाटे हे बुडणार. बुडालं फार थोडं. ज्याच्या रानात तुम्ही पुन्हा ऊस उभा केला तो माणूस तोंड चुकवत नाही. बुडवणारे निघाले ते बहुतेक बिगरशेतीचे प्लॉट पाडणारे. त्यांची कामं आम्ही सोडून दिली.

नव्वदच्या दशकात राजस्थानात कोट्याजवळ चंबळच्या लाभक्षेत्रात कॅनडाच्या मदतीने मोठा निचरा प्रकल्प चालला होता. माझे यजमान तो पाहायला गेले आणि ट्रेंचर पाहून आले. एकच मशीन पुढून चर कापतं, मागून पाइप सोडतं, उतार आपोआप राखतं. परत आल्यावर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याने १८३८ साली रानात मातीच्या नळ्या पुरल्या आणि शेजारी त्याला हसले, ही गोष्ट त्यांनी तेव्हापासून प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगितली आहे. ट्रेंचर मात्र आम्ही घेतला नाही. त्याला सलग मोकळं मैदान लागतं. आमच्याकडे अर्ध्या एकराचे तुकडे, मध्ये बांध, बांधावर नारळ आणि शेजारच्या तुकड्यात उभा ऊस. मशीन वळवायलाच दिवस जायचा. आण्णांनी तेव्हा विचारलं होतं, "हे खालच्या शेजाऱ्याशी बोलतंय का?"

निचरा केला म्हणजे जमीन सुधारली, असा समज पसरवणारे कंत्राटदार पुष्कळ झाले. पाइप फक्त वाट देतो. माती तपासून घ्यावी लागते. सामू साडेआठच्या वर आणि सोडियमचं प्रमाण जास्त असेल तर जिप्सम टाकावं लागतं, मग चांगलं पाणी देऊन ते धुऊन काढावं लागतं, ताग किंवा धैंचा गाडावा लागतो. उलट बाजूने निचऱ्याची सोय नसताना गाडीच्या गाड्या जिप्सम ओतणारेही आम्ही पाहिले. जिप्समने सुटलेलं मीठ जायला वाट नसेल तर ते तिथेच बसून राहतं. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आणि आपल्या जवळचं कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र हेच वर्षानुवर्षं सांगत आले. पण शेतकऱ्याला दिसतो तो पाइप, आणि म्हणून तो फक्त पाइपाचे पैसे द्यायला तयार असतो. पहिल्या वर्षी आम्ही गहू किंवा फुले २६५ सारखा खारं सोसणारा ऊस घ्या म्हणतो. काही ऐकतात.

पुराने आमचं काम तपासून पाहिलं. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाइपाची तोंडं नदीखाली आठवड्याच्या वर बुडून राहिली आणि गाळ उलटा आत शिरला. पूर ओसरल्यावर दोन-अडीच महिने आमची माणसं नवीन काम न घेता पाण्याचा जोर मारून पाइप धूत होती. ज्यांच्या तोंडावर झडप बसवली होती त्यांचं नुकसान कमी झालं, आणि झडप महाग म्हणून नको म्हणणारे त्यानंतर स्वतःहून मागू लागले. गंमत अशी की पूर उतरल्यावर पाइप असलेली रानं आधी वापशाला आली. त्या वर्षी जाहिरात न करताच वह्या भरल्या.

आमच्या धंद्याचं रूप खरं बदललं ते शिरोळमुळे. तिथल्या श्री दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने गावंच्या गावं एकत्र बसवली. शिवाराचा एकच आराखडा, एकच मुख्य पाइप थेट नदी-ओढ्यापर्यंत, खर्च शेतकऱ्यांच्या नावावर बँकेच्या कर्जातून आणि वसुली उसातून. हजारो एकरांवर हे काम झालं, लोक त्याला शिरोळ पॅटर्न म्हणतात. आमच्यासारख्या घरगुती धंद्याला आधी धडकी भरली होती, आता आपल्याला कोण विचारणार! तात्या तेव्हा थकले होते, पण त्यांना शिवाराचा नकाशा दाखवला तर बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "ह्यांनी समदे शेजारी एकाच सतरंजीवर बशिवले." जे आम्ही दोन-दोन घरं करत रात्री-अपरात्री जमवत होतो, ते कारखान्याने गावाच्या सभेत जमवलं. कारखान्याच्या हातात उसाचं बिल असतं, आमच्या हातात फक्त ओळख. हा फरक मान्य केलेला बरा. आता आम्ही अशा सामूहिक कामांतले तुकडे घेतो, आणि जिथे कारखाना पोचत नाही त्या गावांत जुन्या पद्धतीने ओसरीवर बसतो.

आण्णा, तात्या आणि आक्का तिघेही आता नाहीत. काम माझे यजमान, दीर आणि पुतण्या पाहतात. पुतण्या सिव्हिल इंजिनिअर झाला, त्याने लेझर लेव्हल आणली, प्रत्येक कामाचा नकाशा मोबाइलवर ठेवतो. जुन्या कामांचे नकाशे तात्यांच्या डोक्यात होते, ते त्यांच्याबरोबर गेले. त्यामुळे कुणाच्या रानात जुनी ओळ शोधायची वेळ आली की मी त्यांच्या वह्या काढते. 'पाटलाच्या आंब्यापासून बावीस पावलं पूर्वेला' अशा नोंदी आहेत. आंबा पुष्कळदा तुटलेला असतो.

शेवटी एक निवेदन, या अंकात जाहिरातीसाठी वेगळी जागा ठेवलेली नाही म्हणून इथेच. ज्यांच्या रानात आमचे पाइप आहेत त्यांनी मेअखेर चेंबरची झाकणं उघडून तळातला गाळ काढून घ्यावा. ओढ्याच्या तोंडावरची जाळी काढू नये, उंदीर आणि खेकडे आत जातात. मुख्य पाइपाच्या ओळीवर बोअर मारण्याआधी, जागा विकण्याआधी किंवा शेततळं खणण्याआधी आम्हाला विचारावं, नकाशा फुकट मिळेल. आणि बांधापलीकडच्याने पाइप नेऊ का म्हणून विचारलं तर लगेच नाही म्हणू नये. आम्हाला बोलवा, आम्ही येऊन बसू.